एक भांग, एक रांग : उपरोधाच्या एका गाण्याचे प्रकरण

मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या कलामंडळाने बसवलेले एक उपरोधिक गाणे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत गाजले, मोबाइलवरून शहरभर फिरले, आणि काही आठवड्यांतच त्याच गाण्याचे धृपद ओरडत मुलांच्या एका घोळक्याने पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला जिन्यात अडवले. विद्यार्थ्याने लेखी तक्रार केली. हे गाणे अंतिम फेरीला पाठवावे की मागे घ्यावे, हे ठरवण्यासाठी प्राचार्यांनी चौघांची समिती नेमली आणि तीत माझाही समावेश होता. हुकूमशाहीची चिन्हे उपरोधाने वापरणाऱ्या लोकप्रिय संगीताबद्दल आपण सहसा ‘कलावंताचा हेतू काय होता’ एवढाच प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाने काम का भागत नाही, हे या प्रकरणात फार जवळून पाहता आले. महाविद्यालयाचे आणि संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही.

गाण्यातली गोष्ट साधी होती. एका देशात सर्वोच्च नेता गादीवर येतो आणि पहिलाच हुकूम काढतो की यापुढे प्रत्येकाने भांग उजवीकडेच पाडायचा. हुकमापाठोपाठ खाते येते, खात्यापाठोपाठ अर्ज येतात, आणि दुसऱ्या कडव्यात ‘टक्कल ज्याला, त्याने जोडा जुन्या भांगाचा दाखला, साक्षीला शेजारी आणा, ज्याने तो होता पाहिला’ अशी थेट तहसील कचेरीतली भाषा येते. शेवटच्या कडव्यात नेत्यालाच टक्कल पडते आणि ते दिसत असूनही कोणी बोलत नाही. प्रत्येक कडव्यानंतर बँडमधल्या पाचही जणांनी एका सुरात म्हणायचे धृपद असे होते : ‘एक भांग, एक रांग, डावीकडे कोण? सांग, सांग!’

शब्दांपेक्षा मांडणी जास्त विचारपूर्वक केलेली होती. ढोल वाजवणारा मुलगा गिरगावातल्या एका ढोल-ताशा पथकातला होता. त्याने ताशा मुद्दाम बाजूला ठेवून चार मात्रांचा सरळ, जड ठोका धरला, कारण ताशा आला की लोक नाचायला लागतात आणि नुसता ढोल राहिला की पाय आपोआप जागच्या जागी पडू लागतात, असे त्याचे म्हणणे होते. खाकी शर्ट ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणले होते. दंडावर लाल पट्टी, पट्टीवर पांढरे वर्तुळ आणि वर्तुळात काळा कंगवा, लोकलमध्ये फेरीवाले विकतात तसला. पहिल्या तालमीत गाणे जलद लयीत होते आणि पाहणारे पोट धरून हसत होते. नंतर लय जवळजवळ निम्म्यावर आणली गेली, गाणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचे हसू पुसले गेले आणि पाहणाऱ्यांचेही हसू अडखळू लागले. गाणे लिहिणाऱ्या मुलीने समितीपुढे याचे कारण नेमके सांगितले : “सर, आम्ही हसलो की लोकांना कळतं, हे खोटं आहे, आणि ते सुटतात. आम्ही नाही हसलो तर त्यांना स्वतः ठरवावं लागतं.”

कंगव्याचीही एक हकीकत आहे. सुरुवातीला मुलांनी पट्टीवर नाझींचे वाकडे चिन्हच काढले होते, आणि त्यात काही गैर आहे असे त्यांच्या मनातही आले नव्हते. आपल्याकडे या प्रतिमांचे वजन युरोपातल्यासारखे जाणवत नाही. हिटलरच्या ‘माइन काम्फ’ची पुस्तके मुंबईच्या फुटपाथवर सर्रास विकायला असतात, आणि २००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचे एक रेस्टॉरंट उघडून, ज्यू समाजाच्या निषेधानंतर त्याला नाव बदलावे लागले होते. आमच्या समितीतल्या निवृत्त शिक्षिका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबातल्या; घराणे मूळचे अलिबागकडचे, घरची भाषा मराठीच. तालमीला त्या सहज डोकावल्या होत्या. मुलांना त्यांनी रागावले नाही, “दुसऱ्याच्या घरातलं मयत उचलून आपल्या नाटकात कशाला आणता? तुमचं स्वतःचं काहीतरी शोधा,” एवढेच म्हणाल्या. तिथून कंगवा आला. माझ्या मते गाण्याचा खरा जन्म त्या दिवशी झाला, कारण उसनी भीती गेल्यावर मुलांना इथली भीती, म्हणजे दाखला, शिक्का, रांग आणि साक्षीदार शेजारी, शोधावी लागली.

मुलांनी आपला गुरू कोण ते लपवले नव्हते. लायबाख हा बँड १९८० साली त्या वेळच्या युगोस्लाव्हियात, स्लोव्हेनियातल्या त्रबोव्हल्ये या खाणकामगारांच्या गावात सुरू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात त्या देशाचे सर्वेसर्वा मार्शल टिटो वारले होते. लायबाख हे स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियाना हिचे जर्मन नाव. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या आठवणी अंगावर असलेल्या समाजात ते नाव घेणे हीच चिथावणी होती. गणवेश, शिंगांचे आणि नगाऱ्यांचे आवाज, घोगऱ्या आवाजातली फर्माने, आणि या सगळ्यावर एकदाही डोळा न मिचकावणे ही त्यांची पद्धत. १९८३ साली दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत ते गणवेशात, निर्विकार चेहऱ्याने बसले आणि आधीच लिहून आणलेली विधाने उत्तरे म्हणून वाचत राहिले. मुलाखतकाराने शेवटी प्रेक्षकांनाच यांना आवरण्याचे आवाहन केले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना लुब्लियानात स्वतःच्या नावाने कार्यक्रम करता आला नाही. १९८७ च्या ‘ओपस देई’ या अल्बममध्ये त्यांनी क्वीन या ब्रिटिश बँडचे ‘वन व्हिजन’ हे गाणे जर्मनमध्ये, संचलनाच्या ठेक्यावर गायले. मुळातले शब्द फारसे बदलावे लागले नाहीत. एक माणूस, एक ध्येय, एक दृष्टी हे सारे त्या आनंदी स्टेडियम-गाण्यात आधीपासूनच होते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो या शोधामुळे.

स्लाव्होय झिझेक या तत्त्वज्ञाने लायबाखवर लिहिताना या पद्धतीचा खुलासा असा केला आहे की सत्तेची टवाळी सत्तेला पचते, किंबहुना थोडी टवाळी तिला हवीच असते, कारण मनातून न मानता बाहेरून पाळणे यावरच तिचा रोजचा कारभार चालतो; तिला अडचणीत आणतो तो तिच्यावर तिच्यापेक्षाही जास्त गंभीरपणे विश्वास ठेवणारा. विचार मोहक आहे आणि आमच्या बँडने तो जवळजवळ पाठ केला होता. मात्र तो कुठे खरा ठरला हे पाहायचे तर १९८७ चे भित्तिचित्र-प्रकरण बघावे लागते.

युगोस्लाव्हियात दरवर्षी टिटोंच्या जन्मदिवसाच्या निमित्ताने २५ मे रोजी युवक दिन साजरा होई आणि त्याआधी देशभरातून युवकांची मशालीसारखी दांडी फिरवली जाई. टिटोंच्या मृत्यूनंतरही हा सोहळा चालूच होता. १९८७ साली भित्तिचित्र करण्याचे काम स्लोव्हेनियाकडे आले आणि लायबाखच्याच कलासमूहातल्या, नोये स्लोवेनिशे कुन्स्टमधल्या, आरेखन विभागाने एक चित्र पाठवले : उघड्या अंगाचा बलदंड तरुण, हातात ध्वज, नजर क्षितिजाकडे. अधिकृत परीक्षक मंडळाला ते आवडले आणि त्याची निवड झाली. नंतर उघडकीला आले की हे १९३६ सालचे रिचर्ड क्लाइन या जर्मन चित्रकाराचे नाझी प्रचारचित्रच होते. नाझी ध्वजाच्या जागी युगोस्लाव्ह ध्वज आणि गरुडाच्या जागी कबुतर, असे थोडेच फरक केले होते. देशभर गदारोळ झाला, खटले भरण्याची भाषा झाली, आणि दांडीचा तो सोहळा पुढे टिकला नाही.

या चित्राला दाद द्यायला लावले कोणाला, हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. रस्त्यावरचा माणूस, अल्पसंख्य गट किंवा एखादा विक्षिप्त मुलगा यांच्याकडून काहीच मागितले गेले नव्हते. सही करायला लागली ती निवड करण्याचा अधिकार असलेल्या मंडळाला, आणि त्या सहीनेच मंडळाचे पितळ उघडे पडले. लायबाखच्या गणवेशापुढे खरा गणवेश उभा होता. त्यांच्या गांभीर्याला टेकायला सरकारी गांभीर्याची भिंत होती. ती भिंत काढून घेतली तर तोच ठोका कोणावर पडेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द वॉल’चे पुढे जे झाले ते याच बाजूने वाचण्यासारखे आहे. बँडमधल्या रॉजर वॉटर्सने १९७९ च्या त्या अल्बममध्ये एका कोलमडत चाललेल्या रॉक गायकाला हुकूमशहा बनवले. तो भर कार्यक्रमात श्रोत्यांमधल्या एकेका प्रकारच्या माणसांकडे बोट दाखवून त्यांना भिंतीकडे उभे करायला सांगतो. १९८२ च्या चित्रपटात जेराल्ड स्कार्फ यांनी रेखाटलेले दोन हातोड्यांचे चिन्ह या सगळ्यावर ध्वजासारखे फडकते. उपरोध अगदी ढळढळीत आहे, न कळण्यासारखे त्यात काहीच नाही. तरीही १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नव-नाझी टोळक्यांनी तेच हातोडे स्वतःचे चिन्ह म्हणून उचलले आणि नावही त्यावरून घेतले. त्यांना चित्रपट समजला नव्हता असे मला वाटत नाही. बोट आपल्याकडे रोखलेले नाही, एवढे त्यांना नीट समजले होते.

आता जिना. प्राथमिक फेरीतल्या सादरीकरणाचा जो तुकडा फिरला त्यात फक्त धृपद होते; कडवी नव्हती, दाखला नव्हता, नेत्याचे टक्कल तर नव्हतेच. होते ते गणवेश, ढोल आणि त्यावर ओरडणारे सभागृह. तक्रार करणाऱ्या मुलाचे केस खांद्यापर्यंत वाढलेले आणि भांग डावीकडे. तो प्रयोगशाळेतून खाली येत असताना मुले जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठड्याला टेकून उभी राहिली, टाळ्यांचा तोच जड ठोका धरला आणि ‘डावीकडे कोण?’ सुरू केले. एकाने खिशातून कंगवा काढला. कोणी अंगाला हात लावला नाही. सगळे मिळून दोन-तीन मिनिटांचे काम असेल. विचारले तेव्हा मुलांचे उत्तर ठरलेले : मजा केली, गाणेच तर म्हणत होतो, आणि गाणे हुकूमशाहीच्या विरोधातच आहे की. या शेवटच्या वाक्यात खोटे काही नव्हते, आणि म्हणूनच ते मला अस्वस्थ करणारे वाटले.

तक्रारीतले एक वाक्य समितीच्या सगळ्या चर्चेपेक्षा वजनदार होते. मुलाने लिहिले होते की प्राथमिक फेरीच्या वेळी तो स्वतः सभागृहात होता, त्याला गाणे आवडले होते आणि धृपद तोही ओरडला होता.

समितीत पहिली सूचना आली ती निवेदनाची. ‘सदर सादरीकरण काल्पनिक असून कोणत्याही विचारसरणीचा पुरस्कार करत नाही’ असे आधी वाचून दाखवावे, म्हणजे प्रश्न मिटला. अशी निवेदने आपल्याला इतकी सवयीची आहेत की ती संपेपर्यंत प्रेक्षक खुर्ची शोधत असतो. आणि जिन्यातल्या मुलांना हे गाणे कशाच्या विरोधात आहे ते निवेदनाशिवायही ठाऊक होते. उपप्राचार्यांचे मत गाणे सरळ मागे घ्यावे असे होते. त्यांचा युक्तिवाद भित्रा नव्हता : एका मुलाला रोज त्याच जिन्याने उतरायचे आहे आणि स्पर्धा एका दिवसाची आहे, असे त्या म्हणाल्या, आणि याला कलास्वातंत्र्याच्या भाषेत उत्तर देणे मला जमले नाही. बँडचा विरोध मात्र दोन्ही गोष्टींना होता.

या टप्प्यावर निवृत्त शिक्षिकांनी ‘घाशीराम कोतवाल’ची आठवण काढली, आणि चर्चेला वळण लागले. १९७२ साली पुण्यात आलेल्या तेंडुलकरांच्या त्या नाटकात माणसांची रांग हाच पडदा आणि हीच भिंत आहे. ती रांग डोलते, गाते, भजन-कीर्तनाच्या गोडीने प्रेक्षकाला आत ओढते आणि त्याच तालावर क्रूर गोष्टी घडू देते. त्या नाटकाविरुद्धही ओरड झाली, मूळ संस्थेने प्रयोग थांबवले, आणि पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. बाईंचा मुद्दा रांगेच्या जागेचा होता. नाटकातली रांग रंगमंचावर असते. प्रेक्षक तिला बघतो, तिच्या तालाने त्याचीही मान डोलते आणि डोलल्याची त्याला नंतर लाज वाटते. “तुम्ही रांगच खाली सोडलीत. आता ती कुठे जाईल ते तुमच्या हातात नाही,” असे त्या बँडला म्हणाल्या. मराठी रंगभूमीने पन्नास वर्षांपूर्वी हाताळलेला प्रश्न आम्ही स्लोव्हेनियाला वळसा घालून पुन्हा गाठला होता, हे सगळ्यांच्याच ध्यानात आले.

मग बँडने स्वतःच एक बदल सुचवला आणि समितीने तो तीन विरुद्ध एक मतांनी मान्य केला. प्रेक्षकांकडून धृपद म्हणवून घेणे बंद करायचे आणि दुसऱ्या कडव्यानंतर भांगाची तपासणी करायची, पण ती फक्त पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर. आपल्याकडे सभागृहात सोफे कोणासाठी असतात हे सांगायला नको. थोडक्यात, १९८७ च्या परीक्षक मंडळासारखी सही मान्यवरांकडून घ्यायची.

अंतिम फेरीत गाणे तसेच झाले. ढोल थांबला, की-बोर्डवर एकच खालचा सूर धरून ठेवला गेला, आणि दोघे जण स्टीलच्या ताटात कंगवे घेऊन खाली उतरले. प्रमुख पाहुण्यांनी हसत हसत कंगवा घेतला आणि भांग उजवीकडे वळवला. शेजारच्या गृहस्थांचा भांग आधीच उजवीकडे होता, तरी त्यांनीही कंगवा फिरवला. एका परीक्षकांना टक्कल होते. त्यांच्याकडे दाखला मागितला तेव्हा त्यांनी खरोखरच खिसे चाचपले आणि सभागृह हसून कोसळले. पण हे हसणे प्राथमिक फेरीतल्या ओरडण्यासारखे नव्हते; मागच्या रांगा पुढच्या रांगेला हुकूम पाळताना बघत होत्या, आणि हुकूम पाळणारे रोज हुकूम सोडणाऱ्यांपैकी होते. त्यानंतरच्या परीक्षक बाईंनी कंगवा घेऊन समोरच्या टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घातली. याची तालीम झालेली नव्हती. गाणे लिहिणारी मुलगी क्षणभर थांबली, हातातल्या वहीत काहीतरी लिहिले, “नोंद घेतली” म्हणाली आणि पुढे गेली. संपूर्ण सादरीकरणात हुकूमशाहीचा खरा वास मला आला तो या दोन शब्दांत. भांग पाडण्यात, खिसे चाचपण्यात अजून खेळ होता. नकाराची शांतपणे नोंद होते तिथे खेळ संपतो. आणि तरीही त्या बाईंना नकार देता आला, कारण त्या सोफ्यावर होत्या. जिन्यातल्या मुलाला ती सोय नव्हती.

बक्षीस मिळाले नाही. तपासणीमुळे वेळमर्यादा ओलांडली गेली आणि गुण कापले गेले. जिन्यातल्या प्रकाराबद्दल मुलांनी लेखी माफी दिली आणि ते प्रकरण गाण्यापासून वेगळे करून शिस्तपालन समितीकडे नोंदवले गेले, हे बरे झाले, कारण जे काम शिस्तीच्या नियमाने करायचे ते कलेच्या चर्चेवर ढकलण्याची आपल्याला वाईट खोड आहे. महाविद्यालयाच्या खात्यावरून जुना तुकडा काढला गेला; इतरांकडे असलेल्या प्रतींचे काही करता येण्यासारखे नव्हते. तक्रारदाराला अंतिम फेरीचे निमंत्रण होते, तो आला नाही. समितीला त्याने चार ओळींचे उत्तर पाठवले : बदल चांगला झाला असे मित्रांनी सांगितले, परंतु आपल्याला अडवणारी मुले सोफ्यावर बसत नाहीत.

हे उत्तर आले तेव्हा स्नेहसंमेलनात, आमच्याच सभागृहात, नव्या रूपातले गाणे पुन्हा सादर करण्याची बँडची विनंती समितीपुढे होती. मते दोन-दोन झाली. माझे मत नकाराचे होते. स्पर्धेच्या सभागृहात धृपदामागचा जिन्यातला प्रकार कोणालाही ठाऊक नव्हता, त्यामुळे धृपदाचा रोख बँडला ठरवता आला. आमच्या सभागृहात ते प्रत्येकाला पाठ होते आणि ते कोणाविरुद्ध वापरले गेले हेही प्रत्येकाला माहीत होते. पहिल्या रांगेत कोणालाही बसवले आणि कितीही कंगवे वाटले तरी मागून कोणीतरी त्या मुलाकडे मान वळवून पाहिलेच असते. निवृत्त शिक्षिकांचे मत याच्या विरुद्ध पडले. गाणे जिथे बिघडले तिथेच ते दुरुस्त झाले पाहिजे, असे त्यांनी नोंदवले, आणि तो मुद्दा आजही मला पूर्णपणे खोडता येत नाही. प्राचार्यांनी निर्णायक मत नकाराच्या बाजूने दिले. बँडने कुरकुर केली, ड्रेपरीवाल्याचे शर्ट परत केले आणि संमेलनासाठी दुसरे गाणे बसवायला घेतले.